गालिच्याखालची कळ

हॉल खचाखच भरला होता. व्यासपीठावरच्या खुर्चीत टेलरबाईंचे यजमान, निवृत्त पोस्टमन, बाबांनी दिलेली मखमली बंडी घालून नवरदेवाच्या थाटात बसले होते.

"तुझ्या छातीतली कळ आम्ही ओढून घेतो!" समोरच्या आसनावरून बाबा गरजले आणि त्यांनी हात हवेत फिरवला.

"आल्या! मुंग्या आल्या!" पोस्टमन ओरडले. टाळ्यांचा कडकडाट झाला. थोड्या वेळाने दुखणं खरंच ओसरलं.

टेलरबाईंच्या जिवाचं मात्र पाणी पाणी होत होतं. बाबांनी हृदयाच्या गोळ्या बंद करायला लावल्या होत्या आणि नवरा कुणाचं ऐकेना. "मला बरं वाटतंय ना? मग?"

दुसऱ्या दिवशी बाबांचा शिष्य तीच बंडी, काखेत उसवलेली, दुरुस्तीला घेऊन आला. "टाके बाहेरूनच घाला. अस्तर उघडायचं नाही, पवित्र आहे!"

जन्मात सुईत दोरा न ओवलेला माणूसच असं बोलू शकतो. अस्तर न उघडता काखेतली शिवण कधी नीट बसते का? बाईंनी अस्तर उघडलं. छातीपाशी दोन चिकट रबरी चकत्या आणि पाठीत, खुर्चीला टेकते नेमकं तिथे, बाहेर निघणारी वायर! हात फिरवताना बाबांचा पाय गालिच्यावर दाबला जायचा, तेही आठवलं. त्यांनी मुकाट्याने शिवण घातली, बंडी परत केली आणि तडक डॉक्टरांना गाठलं.

पुढच्या सभेला बाई आणि डॉक्टर दोघं हजर. पोस्टमन खुर्चीत बसताच बाई उठल्या. "बाबा, आज जरा मांडी घालून कळ ओढा की!"

"शक्तीची परीक्षा घेतेस?" बाबा कडाडले. पण हॉलभर "घाला मांडी!" सुरू झालं. नाइलाजाने पाय वर घेऊन त्यांनी हात फिरवला, मग दोन्ही हात फिरवले.

"आल्या का हो मुंग्या?" बाईंनी नवऱ्याला विचारलं.

"छे!"

बाईंनी बाबांच्या आसनापुढच्या गालिच्याच्या फुगवट्यावर पाय दिला.

"आल्या! आल्या!"

"कळ इथे आहे, बाबा!" बाईंनी गालिचा उचलला. खाली बटण. हॉल हसून लोटपोट झाला. बाबा चपला शोधू लागले.

पोस्टमन ओशाळले. "पण माझं दुखणं थांबायचं, ते खोटं होतं?"

"खोटं नाही," डॉक्टर म्हणाले. "विजेच्या बारीक झटक्यांनी दुखण्याचा निरोप नसांमध्येच दबतो. काहींना आराम पडतो. आम्हीही हे यंत्र वापरतो. निवडक रुग्णांना, तपासून, गोळ्या चालू ठेवून. पण त्याने रक्तवाहिनी मोकळी होत नाही. पत्र पोचवलं नाही, म्हणून आतली बातमी खोटी ठरते का?"

 पोस्टमन बायकोकडे वळून म्हणाले, "गोळ्या फेकल्या नाहीस ना?"

"पर्समध्येच आहेत."

डॉक्टरांनी नाडी पाहिली, 'घ्या' म्हणून मान हलवली. पोस्टमननी सगळ्यांदेखत गोळी घेतली आणि बाईंना रडू फुटलं.

लोकहो, बरं वाटणं वेगळं, बरं होणं वेगळं. गोळ्या फेकण्याआधी कशाने बरं वाटलं, एवढं विचारा. विचारलं नाही, तर जीव जातो.