सॉनाचं पथ्य

लेझरने चष्मा घालवला खरा, पण डॉक्टरीणबाईंनी इल्पोला पंधरा दिवस सॉनातलं वाफेचं न्हाणं बंद केलं. फिनलंडच्या माणसाला एक वेळ उपास परवडला, हे नाही. तरी त्याने कुरकुरत पाळलं. मुदत संपली त्या शनिवारी तो नेहमीसारखा थोरल्या भावासमोर, तार्मोसमोर, उघडा बसला. आजवर चष्मा बाहेर ठेवावा लागे, त्यामुळे आत सगळं धूसरच. आज भावाच्या छातीवर टाक्यांचा लांबलचक व्रण दिसला.

“हे कधी झालं?”

“चार वर्षं झाली,” तापल्या दगडांवर पाणी ओतत तार्मो म्हणाला.

“आणि मला सांगितलं नाहीस?”

“दर शनिवारी उघडा बसतो की तुझ्यासमोर, लेका. अजून काय सांगायचं?”

इल्पोने पापण्यांची उघडझाप केली. डोळे कोरडेच राहिले. लेझरनंतर काही महिने असं होईल, हे डॉक्टरीणबाईंनी आधीच बजावलं होतं.