कूलरवरचा होला

"आधी मान पाह्य, मंग नाव घे."

खळ्यावर धान उफणताना माझे सासरे यादोराव असं म्हणायचे. दाणे टिपायला आलेल्या पाखराला नुसत्या रंगावरून कोणी नाव दिलं, की त्यांना खपत नसे. त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली.

यंदा चैत्रात आमच्या सौंदडच्या घरी, खिडकीबाहेरच्या कूलरवर एका पाखरानं घरटं बांधलं. शेजारच्या रुख्माकाकी विरजण मागायला आल्या आणि बोलून गेल्या, हा पारवा दिसते, पारव्यानं घर धरलं की घर ओस पडते. माझी सून दुर्गेश्वरी तिथंच भाजी निवडत होती. मागच्या साली तिची कूस अर्ध्यातच रिकामी झाली होती. आता पुन्हा सहावा लागला होता. तिच्या हातातली भाजी तशीच राहिली.

घरटं काढून टाका, असं तिनं भूपेंद्रला सांगितलं. माझ्या लेकालाही कूलर सुरू करायचाच होता, ऊन तर आगीसारखं पडत होतं. मी म्हटलं, मला तो होला वाटते, होल्याचा काही अपशकुन नाही, नीट पाहू द्या.

"आई, तुम्हाले तं सगळ्यातच चांगलं दिसते," दुर्गेश्वरी म्हणाली. बोलणं हळू होतं, पण लागलं.

सोमवारी नैवेद्य होईपर्यंत मी बोलत नाही. लग्न होऊन आले तेव्हापासूनचं व्रत आहे. भूपेंद्रनं नेमकी तीच वेळ धरली. स्टूल आणून खिडकीखाली ठेवत तो बायकोला म्हणाला, "आज माय बोलू शकत नाही. उरकून घेतो."

मी हातातली फुलं खाली ठेवली. देवापुढून उठले आणि जाऊन त्या स्टुलावरच बसले.

भूपेंद्रला हसू आलं. "हे तं बोलण्याच्या वरताण झालं," तो म्हणाला.

मी दुर्गेश्वरीचा हात धरून तिला शेजारी बसवलं. पाखरांसाठी सकाळी टाकलेले तांदूळ अंगणात होते. जोडीतला दुसरा पक्षी तिथं एकटाच उतरला होता. पारवे येतात ते थव्यानं. हा लहान लहान पावलं टाकत, डोकं हलवत दाणे टिपत होता. छाती फिक्या गुलाबी रंगाची. मग त्यानं आमच्याकडे पाठ केली. मी तिला माझ्या मानेवर बोट ठेवून दाखवलं. त्याच्या मानेमागं काळा पट्टा होता, आणि काळ्या फडक्यावर तांदळाची कणी सांडावी तसे त्यावर पांढरे ठिपके. तो पंख फडफडवत सरळ वर चढला, शेपूट पसरून तरंगत खाली आला आणि कूलरवर टेकला. बसलेली मादी उठली. विरळ काड्यांत दोन पांढरी अंडी दिसली. तिची मानही तशीच ठिपक्यांची.

दुर्गेश्वरी बराच वेळ पाहत राहिली. देवळाच्या कळसावरचे पारवे तिनं जन्मभर पाहिले होते. त्यांची मान हिरवी-जांभळी चमकते.

"हा पारवा नोहोय जी," ती म्हणाली. "होलाच आहे."

भूपेंद्र म्हणाला, होला असो का पारवा, कूलरबिगर तू दुपारी झोपशील कशी?

तिनं पोटावर हात ठेवला. मग म्हणाली, "एवढ्याशा काड्यांवर ते बसून राह्यली. तिले उठवून मले झोप येईल का?"

भूपेंद्र खिडकीपासून मागं सरला. मी कोपऱ्यातल्या गोणपाटाकडे बोट केलं, मग बादलीकडे, मग मागच्या दाराकडे. तिनं ओळखलं.

"रोज भिजवून दाराला टांगाल, गारव्याले? पिलं उडेपर्यंत?"

मी तिच्या हातावर हात ठेवून मान हलवली.

नैवेद्य झाला, मौन सुटलं, जेवणं झाली. ऊन डोक्यावर आलं. दुर्गेश्वरी मागच्या खोलीत चटईवर आडवी झाली. मी बादलीत गोणपाट बुडवलं, पाणी निथळू दिलं, आणि बादलीची कडी वाजू नये म्हणून ती हातात धरून मागच्या दाराकडे निघाले.