साबणाच्या कढईची तुंबलेली तोटी

मित्रांनो, साबण शिजवणारी मी एक जुनी लोखंडी कढई आहे. पिरनवाडीच्या टोकाला एका बंद शेडच्या मागे मी कलंडून पडले आहे. अंगावर गंजाचे पापुद्रे सुटले आहेत. तळाला मुठीएवढं भोक आहे. तिथे माझी तोटी होती. त्या तोटीमुळे एका माणसाचे डोळे गेले. ती हकिकत मला तुम्हाला सांगायची आहे.

चौऱ्याहत्तर साली बेळगावच्या एका कारागिराने जाड पत्रा वाकवून, रिव्हेट ठोकून मला घडवलं. इतकी मोठी, की माझ्यात दोन माणसं सहज उभी राहतील. आण्णाप्पांनी नवा कारखाना काढला होता. त्यांनी मला बैलगाडीतून आणलं, विटांच्या चुलाण्यावर बसवलं आणि हळदकुंकू लावलं. त्या दिवशी मला फार मान वाटला.

कपडे धुण्याचा साबण माझ्यात शिजायचा. आधी करंजीचं आणि मोहाचं तेल, मग कॉस्टिक सोड्याचं पाणी. तासन् तास उकळल्यावर मीठ टाकलं, की साबण सायीसारखा वर यायचा आणि कॉस्टिकचं जळजळीत पाणी तळाशी उरायचं. ते तोटीतून खाली सोडायचं. त्या पाण्याचा थेंब अंगावर पडला तर कातडी सोलून निघते. म्हणून तोटी मोकळी राहणं सगळ्यात महत्त्वाचं.

ती मोकळी ठेवायची शेवंताबाई. नवरा वारल्यावर ती धाकट्या भावाला, भरमूला, घेऊन गुंजीहून इथे आली होती. भरमू जाळ सांभाळायचा आणि माल ढवळायचा. प्रत्येक घाणा उतरला आणि मी निवाले, की शेवंताबाई हाताला गोणपाट गुंडाळून माझ्यात उतरायची. लाकडी पट्टीने कडा खरवडायची. शेजारच्या पिंपातलं पाणी ओतून मला विसळायची. तारेला काथ्या बांधून तोटीतून आरपार फिरवायची आणि मग भोकाला डोळा लावून पलीकडचा उजेड बघायची.

"दिसतंय का गं आक्का?" भरमू खालून हसत विचारायचा.

"तुझं थोबाड दिसतंय. सरक बाजूला."

ती माझी चांगली वर्षं होती. आमच्या वड्या बेळगावच्या खडेबाजारात जात. धुणं धुताना फेस चांगला येतो, असं बायका सांगत. मला वाटायचं, हे आपलंच कौतुक आहे.

पुढे बाजारात पावडरी आल्या, मोठ्या कंपन्यांच्या रंगीत वड्या आल्या. आण्णाप्पांची घाई वाढली. एक घाणा उतरला की मी निवायच्या आतच दुसरा चढू लागला. शेवंताबाईला त्यांनी वड्या कापायला बसवलं. माझ्या शेजारच्या पिंपातलं पाणीही गेलं. त्यात तेल साठवू लागले.

माझ्या तोटीत साबणाचा थर बसू लागला. थरावर थर. मला तो कळत होता, पण कढईला तोंड कुठे असतं!

शेवंताबाईला होतं. तोटीतून पाणी करंगळीएवढं पडताना पाहून ती एका सकाळी मालकांपुढे उभी राहिली.

"अण्णा, एक दीस चूल बंद ठेवा. तोटी तुंबत आलीया. मी घासून देते."

"दिवाळीचा माल जाऊ दे. मग घास काय घासायचं ते."

"तोवर काय झालं म्हंजे?"

"एवढी वर्षं काय झालं न्हाय. जा, वड्या काप."

दिवाळी चार दिवसांवर आली होती. दुपारी भरमूने तोटी उघडली. एक थेंबही पडला नाही. माल वर खोळंबलेला, मालक ओरडत होते. भरमू लोखंडी सळई घेऊन माझ्या खाली बसला आणि तोटीत ढोसू लागला. माझ्या पोटातलं सगळं उकळतं पाणी साबणाच्या त्या एका बुचावर दाबून बसलं होतं. बूच एकदम सुटलं.

तो कसा ओरडला, ते मी सांगत नाही.

"पाणी! पाणी आणा!" शेवंताबाई धावत आली. तिचा हात सवयीने पिंपात गेला आणि तेलाने माखून वर आला. शेडमध्ये दुसरं पाणी नव्हतं. ती कळशी घेऊन शेताच्या विहिरीकडे पळाली. ती परत येईपर्यंत भरमू दोन्ही मुठी डोळ्यांवर दाबून जमिनीवर लोळत होता.

दवाखान्यातून दुसऱ्या दिवशी निरोप आला. डोळे वाचणार नव्हते.

त्याच सकाळी आण्णाप्पांना कळलं, की फॅक्टरी इन्स्पेक्टर तपासणीला येणार आहेत. ते घाईघाईने शेडमध्ये आले. त्यांनी बाजूला पडलेली माझी खरवडायची पट्टी उचलली आणि शेवंताबाईच्या हातात दिली.

"कढई घासून घे. तोटी लखलखीत दिसली पायजे. भरमू दारू पिऊन आलता, असं सांगायचं."

मित्रांनो, इतके दिवस ज्यासाठी त्यांना सवड नव्हती, त्यासाठी त्या दिवशी मिळाली.

"भरमूनं आयुष्यात दारूला हात लावला न्हाय, अण्णा."

"मला ठावं हाय. पण कारखाना बंद पडला तर या साऱ्या बायका कुठं जातील?"

बायडाबाई शेवंताबाईच्या शेजारी बसून वड्या कापायची. ती तिला कोपऱ्यात नेऊन रडकुंडीला आली. "आक्का, घास की गं. त्याचं डोळं काय आता परत येणार हाईत? माझी चार लेकरं हाईत."

 शेवंताबाईने पट्टी खाली ठेवली. मग ती माझ्या काठाशी येऊन बसली आणि कुणालाही माझ्याजवळ येऊ दिलं नाही. लोखंडाला ऊब कळते. तिने हात माझ्या काठावर टेकवला होता.

साहेब आले. त्यांनी कन्नडमध्ये विचारलं, तिने कन्नडमध्येच सगळं सांगितलं. त्यांनी तोटीत सळई घातली. कडेला चिकटलेला काळा, दगडासारखा साबण खळ्कन खाली पडला. आण्णाप्पा मान खाली घालून उभे होते.

शेडला कुलूप लागलं. बाहेर पडताना बायडाबाई शेवंताबाईशी बोलली नाही. बाकीच्या बायकाही तिला टाळून गेल्या. तिला त्या गावात पुन्हा कुणी कामावर घेतलं नाही. ती भरमूचा हात धरून निपाणीला विड्या वळायला गेली, असं कुलूप पाहायला आलेला एक गडी दुसऱ्याला सांगत होता. भरमूही शेजारी बसून तंबाखू भरायला शिकला म्हणे. त्यापुढचं मला काही ठाऊक नाही.

भंगारवाला माझी तोटी आणि चुलाण्याच्या जाळ्या घेऊन गेला. मी त्याच्या गाडीत मावले नाही, म्हणून मला शेडमागे ढकलून दिलं. आण्णाप्पांनी दुसऱ्या गावात, दुसऱ्या नावाने कारखाना काढला आहे म्हणे. तिथे नवी कढई आहे, माझ्याहून मोठी. तिची तोटी कोण घासतं, तिच्या शेजारी पाण्याचं पिंप भरलेलं असतं का, हे मला कुणी सांगत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात, शेतात, कारखान्यात जे यंत्र राबतं, त्याला निवायला वेळ द्या. त्याची घाण वेळेवर काढा. आणि ती काढणारी बाई थांबा म्हणाली, तर थांबा.