शेजाऱ्याचं उतरलेलं पाणी

मी एक जुना जोड आहे. तुटलेल्या पट्टीवरचा, स्वतः न तुटलेला. मित्रांनो, यातलं दुसरं वाक्य माणसं फार कौतुकाने म्हणतात. मला ते ऐकलं की तोंड लपवावंसं वाटतं, पण जोडाला तोंड लपवायला जागा कुठली?

माझा जन्म ज्यात झाला तो पोलादी पत्रा दोन स्वभावांचा. पुष्कळसे मऊ कण आणि त्यांच्यात पेरलेली कडक कणांची बेटं. मऊ कण वाकून घेतात, कडक कण तग धरतात. भट्टीत तापवून झटकन थंड केलं की हा संसार जमतो. लोहार याला पोलादाला पाणी देणं म्हणतात. या पत्र्याची पट्टी मोटारीच्या दारात आडवी बसते. बाजूने धडक बसली, तर आत बसलेल्याच्या बरगड्यांआधी तिने मार खायचा.

त्या पट्टीसाठी दोन पत्रे लेसरने जोडले ते सूनबाईंनी. कारखान्यात सगळे त्यांना सूनबाईच म्हणत, कारण माल तपासणारे गृहस्थ त्यांचे सासरे. सूनबाईंची नोकरी कच्ची होती. हा पहिला माल पास झाला की पक्की होणार होती. म्हणून जोड भरदार, देखणा दिसावा यासाठी त्यांनी लेसर अगदी सावकाश फिरवला.

मी वितळलो. दोन्हीकडच्या गार पत्र्याने माझी आच झटकन ओढून घेतली आणि मी अंगभर कडक झालो. अख्ख्या पत्र्यात माझ्याइतका ताठ कोणी नाही. पण माझी आच गेली कुठे? शेजाऱ्याच्या अंगात, म्हणजे माझ्या कडेला लागून असलेल्या पत्र्यात. तो वितळला नाही, नव्याने घडलाही नाही. त्याच्या कडक बेटांचा कडकपणा तेवढा गेला. वरून दिसायला फक्त एक निळसर झाक.

सासऱ्यांनी पट्टी यंत्रात धरून ताणली. शेजारी तुटला, मी तसाच. त्यांचा नियम सोपा होता: जोडाबाहेर तुटलं की जोड पास. कौतुक माझ्या नावावर जमा, तुटणं शेजाऱ्याच्या नावे खर्ची. ज्या माणसाने उभ्या संसारात बायकोच्या स्वयंपाकाला बरा म्हटलं नव्हतं, तो मला रुमालात गुंडाळून घरी घेऊन गेला.

"बघ, पत्रा तुटला पण आपल्या सुनेचा जोड हलला नाही," ते बायकोला म्हणाले.

"आज आपली सून का? परवा दूध उतू गेलं तेव्हा माझी एकटीची होती," सासूबाई म्हणाल्या.

सूनबाई हसत हसत कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी कापायला निघाल्या. त्यासाठी त्यांनी सुरीचं टोक गॅसवर धरलं.

"अगं, जाळावर नको धरूस. पाणी उतरतं तिचं," सासूबाई म्हणाल्या. "मागच्या सुरीचं हेच केलंस. शेवटी ती टोमॅटोपुढेही मान टाकायची."

"टोकच तर तापवतेय, आई."

"मग मागे बोटभर निळी कशी झाली?"

सूनबाईंनी सुरीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. तशीच निळी झाक माझ्या कडेला होती, आणि तुटलं होतं नेमकं तिथेच.

"बाबा, न जोडलेला पत्रा किती ताण सोसतो?"

"तो कशाला ताणायचा? तपासायचा असतो तो जोड," सासरे म्हणाले. "उगाच नसतं उकरून काढू नकोस. नोकरी पक्की होतेय ना?"

"त्या दारामागे कुणीतरी बसणार आहे, बाबा."

सासऱ्यांनी रुमाल घडी घालून खिशात ठेवला. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी न जोडलेली पट्टी यंत्रात धरली. ती लांब ताणली गेली, माझ्या शेजाऱ्यापेक्षा कितीतरी जास्त ताण सोसून मगच तुटली. यंत्राच्या काट्यावरचा आकडा त्यांनी कालच्या आकड्याखाली लिहिला. मग स्वतः ऑफिसात जाऊन म्हणाले, "माल थांबवा. पास मीच केला होता, चुकलो."

पुढे सूनबाईंनी लेसर भरभर फिरवला. जो जोड जन्मला तो काटकुळा, जेमतेम दिसेल न दिसेल असा. पण शेजाऱ्याला त्याची आच फारशी लागलीच नाही. ती पट्टी तुटली ती जोडापासून दूर, मूळच्या पत्र्यात, आणि जवळपास न जोडलेल्या पट्टीइतकाच ताण सोसून. त्या जोडाला कुणी रुमालात गुंडाळलं नाही. सूनबाईंची नोकरी मात्र त्याच्याच जोरावर पक्की झाली, उशिराने. तो उशीर माझ्या खाती.

आता मी यंत्राजवळच्या खिडकीत असतो. नवीन आलेली माणसं मला उचलतात, माझ्यावरून बोट फिरवतात. "काय मजबूत जोड आहे," म्हणतात. सासरे त्यांचं बोट धरून जरासं बाजूला नेतात, फाटलेल्या कडेवर.

मित्रांनो, तुम्हीही कधी ताठ उभ्या असलेल्या कुणाला शाबासकी द्याल, तेव्हा एवढं करा. बोट जरा बाजूला नेऊन बघा. तेवढा वेळ माझ्याकडे कुणी बघत नाही, आणि मला तेच बरं वाटतं.