लाखात एक त्वचा

"हे मलम बंद करायचं ते मला विचारून," त्वचेच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. "शेजारणीचं ऐकून नाही, सासूबाईंचं ऐकून नाही. माझी आई येऊन सांगू लागली तरी नाही."

सात महिन्यांच्या बाळाचा इसब उठलेला गाल त्या बोटाने हलकेच ताणून बघत होत्या. बाळाच्या आईने, धाकटीने, मान डोलावली. डॉक्टर लोकांना एकच गोष्ट तीनदा सांगायची खोडच असते, असं मनाशी म्हणत तिने चिठ्ठीची घडी करून पर्समध्ये टाकली.

दीड महिन्याने हीच धाकटी, कॉलेजात शिकलेली, दुधाच्या डब्यावरची बारीक अक्षरंसुद्धा दोनदा वाचणारी, झेरॉक्सच्या दुकानावरच्या अरुंद जिन्यात बाळाला कडेवर घेऊन उभी होती. पुढे बायका, मागे बायका. कुणी ऑफिसला दांडी मारून आलेली, कुणी लेकीला घेऊन.

"माझ्या जावेच्या चेहऱ्यातून वाटीभर निघालं."

"वाटीभर? माझ्या नणंदेच्या नुसत्या कपाळातून तेवढं!"

"मग गालात काय पिंप होतं की काय?"

हसण्याची लाट जिन्यावरून खाली गेली. पण जागा कुणी सोडली नाही.

वर फेशियल करणाऱ्या मॅडम होत्या. तोंडावर मॅडम, माघारी 'हातगुणबाई'. त्या यंत्र लावत नसत, प्रश्न फारसे विचारत नसत. डोळे मिटून दोन बोटं गालावर टेकवत आणि कान देऊन ऐकल्यासारखं करत. "माणूस खोटं बोलतं, त्वचा नाही," त्या म्हणत. "कोरडी कुरकुरते, तेलकट लाडात येते. आणि तुमची..." इथे त्या थांबत. मग कानाशी वाकून, "तुमची कोंडलेली. लाखात एक. कुणाला सांगू नका, दृष्ट लागते."

मग ताई पुढे येई. ताई म्हणजे धाकटीची सख्खी मोठी बहीण, मॅडमच्या हाताखाली कामाला असलेली. तिच्या हातात चिनी मातीचं पांढरं वाडगं, वाडग्यात करडसर जेल. मॅडम ते चेहऱ्यावर पसरत, गोल गोल चोळत, आणि बघता बघता स्वच्छ धुतलेल्या गालांतून काळ्या काळ्या अळ्यांसारख्या वळ्या सुटून खालच्या पांढऱ्या नॅपकिनवर पडत. बघणाऱ्या बायकांच्या तोंडून "अगं बाई!" निघे. विष निघालं! कित्येकजणी तो नॅपकिन घडी करून घरी नवऱ्याला दाखवायला नेत. धाकटीनेही नेला होता. तिचा नवरा म्हणाला, "एवढं विष तुझ्या गालात होतं, तर मी अजून जिवंत कसा?" दोन दिवस ती त्याच्याशी बोलली नव्हती.

तिला तिथे नेलं ताईनेच. बाळ झाल्यापासून धाकटीचं धड झोपणं नव्हतं, हसणं नव्हतं. बाळ श्वास घेतंय ना हे बघायला ती दर दहा मिनिटांनी त्याच्या नाकाशी बोट धरायची. "चल एकदा," ताई म्हणाली. "तुझ्यासाठी म्हणून काही कर." आणि खरं सांगायचं तर त्या खुर्चीत मान मागे टेकवून कुणाच्या तरी मऊ हातांत चेहरा दिल्यावर धाकटीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. कित्येक महिन्यांत सगळ्यांनी बाळाला हात लावला होता, तिला कुणी नाही.

दुसऱ्या खेपेला मॅडमनी बाळाकडे बघितलं. डॉक्टरीणबाईंच्या मलमाने त्याचा गाल तेव्हा जवळजवळ निवळला होता.

"बघा! तुमचं निघालं, याचं उतरलं," मॅडम म्हणाल्या. "आईच्या गालाला गाल लावून झोपतं ना पोर. आता ते मलम बंद करा. मलम म्हणजे बूच. बाटलीला बूच मारलं तर आतलं बाहेर येणार कसं?"

खाली उतरताना धाकटीने विचारलं, "ताई, मलम खरंच बंद करू?"

ताईने बाळाचं टोपडं नीट केलं. टोपडं नीटच होतं. "मॅडमना कळतं," ती म्हणाली.

मलम बंद झालं. दहा दिवसांनी बाळाचा गाल लाल झाला. मॅडम म्हणाल्या, "बाहेर पडतंय, शुभ लक्षण." मग बाळ रात्रंदिवस खाजवू लागलं. "जोरात बाहेर पडतंय." मग गाल ओलसर झाला. "आता संपत आलं." गाल बरा झाला तर मॅडमचा हातगुण, बिघडला तर विषाचा गुण. या खेळात मॅडम हरायची सोयच नव्हती. पण हे धाकटीला तेव्हा उमजलं नाही. जी बाई थर्मामीटर तीनदा लावून बघते, तिने हे एकदाही तपासून बघितलं नाही, कारण मध्ये ताई होती. डॉक्टरवर शंका घेता येते, नवऱ्यावर घेता येते. आपल्याला कडेवर घेऊन वाढवणाऱ्या बहिणीवर कोण घेतं?

ताईने घरच्यासाठी म्हणून त्याच जेलची एक डबी दिली होती. एके दिवशी दुपारी आतल्या खोलीतून धाकटीच्या पाच वर्षांच्या लेकीचा, बिट्टीचा, आवाज आला. मागच्या खेपेला आईबरोबर गेलेली ती हुबेहूब मॅडमच्या सुरात बोलत होती.

"डोळे मिटा. हलायचं नाही. तुम्हाला कुणी विचारत नाही ना घरी? हं."

धाकटी दारात गेली आणि तिथेच थबकली. खुर्चीत उशीला टेकवलेली बाहुली, गळ्यापाशी रुमाल. डबी उघडी. बिट्टी बाहुलीचा गाल चोळत होती आणि रुमालावर काळ्या वळ्या पडत होत्या.

"आई, बघ!" बिट्टीचे डोळे चमकत होते. "माझ्या बाहुलीची पण लाखात एक आहे!"

धाकटीने डबी हिसकावून घेतली. न्हाणीघरात जाऊन भिंतीच्या धुतलेल्या टाइलवर बोटभर जेल चोळलं. विष निघालं. आरशावर चोळलं. विष निघालं. प्लास्टिकच्या बादलीवर चोळलं. बादलीची त्वचासुद्धा कोंडलेली निघाली! तिला हसू फुटलं, पण पाळण्यातलं बाळ रडत होतं, आणि त्याच्या गालावर आता पिवळी खपली धरली होती, सूज डोळ्याकडे सरकत होती.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "खाजवून जखमा झाल्या, त्यात जंतू शिरले," त्या म्हणाल्या. "आज आलात, हे नशीब. डोळ्यात उतरलं असतं तर मी काही सांगू शकले नसते." बाळाला तीन दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं. त्या एवढ्याशा हातात सुई शोधताना नर्सला तीनदा टोचावं लागलं. प्रत्येक वेळी धाकटीने त्याचे पाय धरून ठेवले.

तिसऱ्या दिवशी तिने पर्समधून डबी काढून पुढे ठेवली. डॉक्टरीणबाईंनी काचेच्या तुकड्यावर चोळून बघितलं.

"जेल घट्ट करायला एक पदार्थ घालतात. चोळलं की त्याचा चिकटपणा मोडतो, पाणी उडतं आणि त्याच्याच वळ्या होतात, खोडरबराच्या कचऱ्यासारख्या. थोडी मेलेली कातडीही येते त्यात, पण विषबिष काही नाही. काळा रंग कशाचा, ते डबी भरणारीला विचारा." मग त्या म्हणाल्या, "फेशियल म्हणजे पाप नव्हे. तेलकट चेहऱ्याला सफाई मानवते, कोरड्याला ओलावा, आणि नाजूक त्वचेला जितकं कमी तितकं बरं. पण करणारीने आधी विचारायला हवं. काय लावता, कशाने पुरळ येतं, औषध कुठलं चालू आहे, बाळाला पाजता का. कोपराच्या आत थोडं लावून दिवसभर वाट बघायला हवी. तुम्हाला काय विचारलं?"

"मन जड आहे का, असं."

डॉक्टरीणबाईंनी काचेवरच्या वळ्या पुसून टाकल्या.

बाळ घरी आल्यावर धाकटीने त्याला नवऱ्याकडे सोपवलं, बाहुली पिशवीत घातली आणि जिना चढली. रांग तशीच होती. ती रांग ओलांडून आत गेली आणि बाहुली मॅडमच्या खुर्चीत बसवली.

"मॅडम, हिची त्वचा वाचता?"

"ही थट्टेची जागा नाही," मॅडम म्हणाल्या.

धाकटीने ताईच्या हातातल्या वाडग्यात बोटं बुडवली आणि सगळ्यांसमोर बाहुलीचा गाल चोळला. काळ्या वळ्या पडल्या. बायका माना उंच करून बघू लागल्या. पण मॅडम कच्च्या गुरूच्या चेल्या नव्हत्या.

"प्लास्टिकच ते! प्लास्टिकइतकं विष दुसऱ्या कशात असतं का? निघणारच!"

आणि खरंच, दोघीतिघींनी माना डोलावल्या. धाकटीला वाटलं, आपण आता रडणार. तिने ताईकडे बघितलं.

"ताई, तू सांग. यात काळं काय आहे?"

मॅडम म्हणाल्या, "हिला काय विचारता, ही नोकर." त्या शब्दानेच असेल, ताईने वाडगं खाली ठेवलं.

"कोळसा," ती म्हणाली. "कोळशाची पूड. रोज सकाळी मागच्या खोलीत मीच चाळते. जेल तयार येतं, त्यात कालवते."

मग कोपऱ्यातून एकजण म्हणाली, "पण माझी त्वचा तर लाखात एक आहे ना?"

"तुमची? मला सांगितलं होतं माझी!"

"अन् मला!"

"अहो, मग ह्या जिन्यावर किती लाख उभे आहेत?"

मॅडम आतल्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं. जिना रिकामा होऊ लागला. तरी एक बाई जाता जाता म्हणालीच, "काही म्हणा, चेहरा मऊ होतो हो." होतो. चोळलं की कुणाचाही होतो.

खाली झेरॉक्सच्या यंत्राचा घरघराट चालू होता. ताई मागोमाग उतरली.

"केव्हापासून माहीत होतं तुला?"

"पहिल्या दिवसापासून."

"आणि मला नेलंस?"

"तू हसायला लागली होतीस गं." ताईचा आवाज बारीक झाला. "मला वाटलं, कोळसाच तर आहे. धुतला की जातो. तेवढ्याने तुला बरं वाटतंय तर..."

"मी तुला मलमाचं विचारलं होतं, ताई. ह्याच पायरीवर."

ताईने बाळाबद्दल विचारलं. धाकटीने सांगितलं, बरा आहे. ये, बघून जा, असं मात्र ती म्हणाली नाही. परकीने फसवलं तर माणूस चार शिव्या देऊन मोकळं होतं. इथे शिवी द्यायची कुणाला? जिने वेणी घालायला शिकवलं तिला?

बाळाचा गाल आता भरून आला आहे. डोळ्याखाली एक फिकट डाग राहिला आहे, तोही जाईल म्हणतात. ताईने ते काम सोडलं. ती फोन करते, धाकटी उचलते, दोघी हवापाण्याचं बोलतात.

आता वाचणाऱ्याला एवढंच सांगायचं. डोळ्यांसमोर घडलं म्हणजे खरं घडलं, असं नसतं. चेहऱ्यातून निघालं म्हणता ना, मग तेच काचेवर करून बघा, ताटलीवर करून बघा. दोन्हीकडून सारखंच निघालं, तर ते चेहऱ्यातलं नव्हतं. एवढ्या चाचणीला ना डिग्री लागते ना यंत्र. आणि बरं झालं तरी माझंच खरं, बिघडलं तरी माझंच खरं, असं म्हणणारा माणूस कितीही मऊ हाताचा असो, त्याच्यासमोरून उठून या.

पण हे शहाणपण धाकटीकडेही होतं. ते वापरायला लागणारी झोप तिच्याकडे नव्हती. तुमच्या इमारतीत, तुमच्या ऑफिसात, तुमच्या नात्यात अशी एक कुणीतरी असेल. नुकतंच बाळ झालेली, फोनवर "सगळं छान" म्हणणारी. तिचं नाव आत्ता तुमच्या मनात आलंच असेल. आज तिच्याकडे जा. बाळाला नंतर घ्या, आधी तिच्याजवळ बसा. तिला कुणी काय लावायला सांगितलंय, काय सोडायला सांगितलंय, ते विचारा. आणि ती "काही नाही" म्हणाली, तर उठू नका. आणखी थोडा वेळ बसा.