पत्रात कोणीच आजारी नव्हते

द्वारका चौकाजवळच्या एका लॅबमध्ये प्रतिभा बारा वर्षे रक्त तपासत होती. माणसाच्या बोलण्यापेक्षा नळीतल्या रक्तावर तिचा विश्वास जास्त. म्हणून लेकीच्या, राखीच्या, शैक्षणिक कर्जाची फाईल अडली तेव्हा तिने आधी बँकेवरच संशय घेतला. पण कारण खरे निघाले. दोन वर्षांपूर्वी स्कूटरच्या कर्जाचे तीन हप्ते उशिरा गेले होते. पुढचे सगळे वेळेवर भरले, कर्जही फिटले. तरी प्रत्येकाच्या कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या सिबिलमध्ये तो डाग राहिलाच होता. नर्सिंग कॉलेजची फी भरायला दहा दिवस उरले होते.

बँकेतल्या बाईंनी मार्ग सुचवला. स्कूटरचे कर्ज देणाऱ्या कंपनीला विनंतीपत्र द्यायचे. तो उशीर माफ केल्याचे लेखी मिळाले, तर बाई फाईल पुन्हा पाहणार होत्या. प्रतिभाला यातही डाव दिसला. आपली चूक आपल्याच हाताने लिहून द्यायची? उद्या तोच कागद आपल्यावर उलटला तर?

तिचा नवरा महेश याचा मित्र अमित लोकांना असली पत्रे करून द्यायचा. तो हसलाच. "वहिनी, लॅब तुमच्या हातात आणि कारण काय शोधताय? महेशच्या नावाने डेंग्यूचा रिपोर्ट काढा, जुनी तारीख टाका. सगळे तेच करतात."

खरे कारण सांगण्यासारखे नव्हते. धाकट्या दिराच्या लग्नात, चारचौघांत हसे नको म्हणून, हप्त्यांचे पैसे मानपानात गेले होते.

दुपारी लॅब रिकामी झाल्यावर प्रतिभाने संगणकावर महेशचे नाव टाकले. प्लेटलेटचा आकडा टाकताना मागे चाहूल लागली. सिंधुबाई उभ्या होत्या. तीस वर्षे तिथे रक्त घेणाऱ्या. या आता साहेबांना सांगणार, असे प्रतिभाच्या मनात आले.

"पेशंट कुठंय गं?" सिंधुबाईंनी विचारले. "आज या नावाला सुई टोचल्याचं मला तर आठवत नाही."

प्रतिभाने सगळे सांगून टाकले. सिंधुबाई ओरडल्या नाहीत. त्यांनी लॅबची नोंदवही पुढे ओढली.

"यात आकडा चुकला तर काय करतेस?"

"एक रेघ मारते. शेजारी बरोबर आकडा, कारण आणि सही."

"खालचा चुकलेला आकडा झाकत का नाहीस?"

एक आकडा झाकलेला दिसला की तपासायला येणारा माणूस अख्ख्या वहीवर संशय घेतो, हे प्रतिभानेच नव्या मुलींना शिकवले होते. तिने रिपोर्ट पुसला आणि कोरा कागद घेतला.

कंपनीतले अधिकारी मल्हारी सोनवणे यांनी तिचे पत्र दोनदा वाचले. मग चष्म्यावरून तिच्याकडे असे पाहिले, की तिला वाटले, फसले.

"लग्नात खर्च केले? असं कोणी लिहून देतं का, ताई?" त्यांनी खणातून पत्रांचा गठ्ठा काढला. "यातले सगळे आजारी आहेत. खरा कोण, मला कळत नाही. मग मी सगळ्यांनाच नाही म्हणतो. परवा एक म्हातारा रडला, तो खरंच आजारी असेल. त्यालाही नाहीच म्हटलं."

त्या म्हाताऱ्याच्या रिपोर्टवर कोणत्या लॅबचा शिक्का होता, हे विचारायचा प्रतिभाला धीर झाला नाही.

सोनवण्यांनी स्पष्ट सांगितले, की नोंद खरी आहे, ती पुसली जाणार नाही. पण उशीर माफ केल्याचे आणि नंतर एकही हप्ता न चुकल्याचे पत्र त्यांनी दिले. बँकेने फाईल पुन्हा उघडली. मुदत संपायच्या आदल्या दिवशी राखीची फी भरली गेली.

"किती द्यावे लागले?" अमितने विचारले. प्रतिभा म्हणाली, "खरं सांगावं लागलं." त्याचा विश्वास बसला नाही.

वाचकहो, चूक कोणाच्या हातून होत नाही? माफीही जरूर मागावी. पण जी चूक झाली, तिचीच. खोटे आजारपण दाखवून आपण सुटतो, तेव्हा त्याची किंमत कोणीतरी खरा रुग्ण मोजत असतो.