मिस्त्रीची रडकी गाडी

"दार लावू नका हं, हे यायचेत अजून," बायको म्हणाली.

मी तिच्यापासून दोन हातांवर बसलो होतो. स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुनी चादर अंथरून आमच्या गाडीचा डिफरन्शियल, म्हणजे मागच्या चाकांना फिरवणारा दातेरी गोळा, सगळा सुटा करून मांडला होता. हात कोपरापर्यंत ग्रीसने माखलेले.

"अगं, मीच आहे. घरीच आहे."

तिने माझ्याकडे बघून मान डोलावली, अनोळखी गिऱ्हाइकाकडे बघून डोलवावी तशी, आणि पुन्हा फाटकाकडे डोळे लावले.

दोन वर्षं झाली, तिचं विसरणं वाढतच चाललंय. सकाळी मी तिला कधी तिचा थोरला भाऊ वाटतो, कधी नळ दुरुस्त करणारा. नळवाला झालो त्या दिवशी तिने मला मोरीत नेऊन गळका नळ दाखवला. मीही मुकाट्याने वायसर बदलून दिला. पण संध्याकाळी गॅरेजमधून परतलो की ही फाटकात हजर. "आज उशीर केलात?" म्हणायची, आणि ते मलाच म्हणायची, भावाला किंवा नळवाल्याला नाही. तेवढ्यावर माझा पुढचा दिवस निघायचा. रोज घड्याळ बघून उठत असेल, असं मी धरून चाललो होतो.

गाडी मात्र पार थकली होती. डिफरन्शियलमधलं मोठं चाक, क्राऊन, आणि त्याला फिरवणारा छोटा पिनियन, दोन्हींचे दात घासलेले. वेग घेतला की घूंऽ असा सूर लागायचा. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने तर 'मिस्त्रीची रडकी' असं नावच पाडलं होतं. चाळीस वर्षं लोकांच्या गाड्या गप्प करणाऱ्या माणसाला हे झोंबायचं, पण मी टाळत आलो. शेवटी मेहुणीने कान उपटले. मी कामावर गेलो की तीच बहिणीजवळ बसते.

"भाऊजी, सोमवारी ताईला दवाखान्यात न्यायचंय. वाटेत दात तुटून चाक अडकलं म्हणजे?"

तिचं खरं होतं. गॅरेजला दांडी मारली, क्राऊन-पिनियनची नवी जोडी आणली आणि घरीच बसलो.

काम किचकट. पिनियनमागे कागदासारखी पातळ लोखंडी पत्री घालायची, सगळं आवळायचं, क्राऊनच्या दातांना पिवळा रंग फासायचा आणि हाताने फिरवून रंग कुठे पुसला जातो ते बघायचं. दाताच्या मधोमध पुसला तर जमलं. माझा मेला काठावरच पुसला जायचा. पुन्हा खोला, पुन्हा दुसरी पत्री.

असे तीन दिवस गेले आणि तिन्ही संध्याकाळी तिने मला ओळखलं नाही. आजाराने पुढचं पाऊल टाकलं, असं मी समजलो. पत्र्या चाळता चाळता डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू?

चौथ्या दिवशी दुपारी रंग बरोबर मधोमध पुसला गेला. गोळा गाडीत चढवला, तेल भरलं आणि एक लांब फेरी मारून आलो. कुठे हूं नाही की चूं नाही. दुकानदाराने लांबूनच हात जोडले. मी फुशारलो होतो. घराच्या वळणावर तर उगाच वेग वाढवून बघितला.

फाटकात कुणी नव्हतं. ती ओसरीत खुर्चीवर बसली होती.

"मिस्त्री घरी नाहीत," ती अदबीने म्हणाली. "बसा हवं तर. गाडी वळणावर आली की मला कळतं. रडते ना ती. मग मी उठते."

मेहुणी दारात उभी होती. तिने पदर तोंडाला लावला. मी शेजारच्या खुर्चीवर बसलो.

सकाळी मी पुन्हा गाडीखाली शिरलो. मेहुणी आली तेव्हा तेल काढून झालं होतं.

"भाऊजी, नवं कोरं काढताय? आणि दवाखाना?"

"भाड्याची गाडी बोलावू. ही आता वळणावर उभी करायची आणि संध्याकाळी फक्त तिथून घरापर्यंत चालवायची."

ती आत जाऊन जुनी चादर घेऊन आली आणि माझ्यापुढे अंथरली.

भंगारात द्यायला बांधून ठेवलेलं गोणपाट उलगडून मी जुना क्राऊन बाहेर काढला. चाळीस वर्षांत घासलेला दात जाणूनबुजून कुणाच्या गाडीत बसवला नव्हता. फडकं घेऊन एकेक दात पुसायला लागलो.

बायको ओसरीतून बघत होती.

"नीट पुसा हं," ती म्हणाली. "हे फार काटेकोर आहेत."